आवाजबंद खोलीतून हजर

आमच्या ऑफिसात फोनवर निवांत बोलण्यापुरती एक आवाजबंद खोली हवी होती. मीटिंगमध्ये मी छाती ठोकून सांगितलं, "मी करून घेतो, आठ दिवसांत!" तयार मिळणाऱ्या खोलीच्या माहितीपत्रकात काय काय लिहिलं होतं! आग न धरणारं अस्तर, आत धुराची घंटा, आतून ढकलताच उघडणारं दार. मला हसूच आलं. माणूस आत फोनवर बोलायला जातो की चुलीत बसायला?

काम दिलं धर्माजी सुतारांना. उभा जन्म कपाटं केलेला माणूस! त्यांनी आतून चार इंच फोम लावला, त्यावर जांभळी मखमल. जागा नव्हती म्हणून खोली ठेवली जिन्याकडे जाणाऱ्या बोळात. दार ओढलं की खटका बसायचा, पण मूठ फक्त बाहेरून.

"धर्माजी, आतून मूठ?"

"साहेब, कपाटाला आतून मूठ कोण लावतं?"

मला ते पटलं! आता काय सांगू?

आमचं ऑफिस मीरा रोडला, हाटकेशच्या एका गाळ्यात, दुसऱ्या मजल्यावर. तेरा माणसं. एका मोठ्या कंपनीचं काम मिळणार होतं आणि तिचे सुरक्षा अधिकारी आगीची ड्रिल घ्यायला येणार होते. पास झालो तर ऑफिस इथेच. नापास झालो तर सगळे त्यांच्या ऐरोलीच्या इमारतीत! मी दुपारी चालत घरी जाऊन गरम भात जेवणारा माणूस. ऐरोली म्हटलं की मला दोन तासांचा प्रवास आणि डब्यातला गार भात दिसायचा.

ड्रिलच्या दिवशी तीन वाजता म्हटलं, खोलीत एकदा बसून बघू. बूट बाहेर काढले, मखमल मळायला नको. दार कडेला धरून ओढलं. खट्!

आणि जग विझलं. प्रिंटर नाही, शेजारच्या टेबलावरच्या लोकेशचं "भाई, सुनो ना" नाही. आधी माझाच श्वास ऐकू आला, मग तोही लांब गेला. जांभळ्या भिंती पाण्यासारख्या हलल्या आणि मी मुर्ध्याच्या खाडीवर होतो. लहानपणी मामा न्यायचे, ती मिठागरं. मी मिठाच्या ढिगावर पाय सोडून बसलो होतो. खालून बगळे चालले होते, अगदी हळू, जणू चपला काढून. वारा खारट होता आणि मामा जिवंत होते. लांब एका होडीत कुणीतरी घंटा हलवत होतं. कुणी माझं नावही घेतलं. उत्तर द्यावंसं वाटलं, पण इतक्या सुंदर ठिकाणी घाई कसली?

ती घंटा म्हणजे ड्रिलचा भोंगा होता! खाली रस्त्यावर जे झालं ते लोकेशने मला नंतर सांगितलं.

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. कुणी चहाला सटकलं, कुणाला उशीर झाला, की बाकीच्यांनी सांभाळून घ्यायचं. आमची संजना हजेरीची यादी वाचत होती. माझं नाव आलं. "गुणवंत?" सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग अकरा माणसं एका दमात ओरडली, "हजर!" मस्टरवरून रोज आमची हजेरी घेणाऱ्या नीलिमा मॅडमसुद्धा!

अधिकारी म्हणाले, "या गृहस्थांचा आवाज भरदार आहे. जरा दाखवता का?"

"आत्ता इथेच होता," संजना.

"पान खायला गेलाय," लोकेश.

"मीच पाठवलंय त्याला," मॅडम.

तिघंही एकाच वेळी! अधिकारी थेट जिना चढले. सगळी वरात मागे. दार उघडलं, उजेड आत आला. मला वाटलं, खाडीवर सूर्य उगवला.

"भोंगा वाजला तेव्हा कुठे होतात?"

"मुर्ध्याला," मी खरं ते सांगितलं.

"हो साहेब, साइटवर!" लोकेशने लगेच री ओढली.

"बूट इथे ठेवून?"

अधिकाऱ्यांनी फोम चिमटीत धरून बघितला, बोळाची रुंदी मोजली, दार आतून चाचपलं. मग शांतपणे म्हणाले, "या लोकांचा तुमच्यावर फार जीव आहे. खरी आग असती तर तो जीवच तुम्हाला नडला असता. यादी पूर्ण म्हटल्यावर शोधायला वर कोण येणार?"

संजनाचे डोळे भरून आले. यादी तिच्याच हातात होती. मीही तेव्हा पहिल्यांदाच त्या दारावर आतून मूठ शोधली. धरायला काहीच नव्हतं.

आठ दिवसांची मुदत मिळाली. खोली निघाली, बोळ मोकळा झाला आणि पुन्हा भोंगा वाजला. तेरा माणसं दोन मिनिटांत खाली!

"गुणवंत?"

"हजर!" या वेळी एकच आवाज, माझा. पण अधिकारी रांगेतून थेट माझ्यापर्यंत आले आणि दंडाला करकचून चिमटा काढला. मी "आई गं!" म्हणून ओरडलो, तेव्हा कुठे त्यांनी माझ्या नावापुढे खूण केली.