टिपणीस काका घोड्यावर बसतात

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत एक नोटीस लागलेली आहे : 'कंपाउंडच्या भिंतीवर घोडेस्वारी करण्यास सक्त मनाई आहे.' नव्या पाहुण्याला वाटतं, सेक्रेटरींनी विनोद केलाय. आमच्या सेक्रेटरींना विनोद कशाशी खातात हे माहीत नाही. नोटीस खरी आहे, भिंत खरी आहे, आणि रोज सकाळी त्या भिंतीवर दोन्हीकडे पाय टाकून, खाली सोफ्याची उशी घेऊन, डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट घालून बसणारे टिपणीस काकाही खरे आहेत. भिंतीलगतच्या बदामाला नायलॉनची दोरी बांधलेली असते. तो लगाम.

"काका, आज घोडा हलत नाही वाटतं?" दूधवाला विचारतो.

"सिग्नल लागलाय," काका समोर बघूनच सांगतात.

मी पत्रकं काढणारी मुलगी. फुटपाथ, झाडं, कचरा, भटकी कुत्री, ज्यावर पत्रक निघू शकतं त्या सगळ्यावर मी काढलंय. माणसांचं कौतुक करायची मला सवय नाही. कौतुक आपल्याकडे फार स्वस्त झालंय, वाढदिवसाच्या होर्डिंगवर किलोने मिळतं. टिपणीस काकांचं होर्डिंग कुणीही लावणार नाही, म्हणून हे लिहितेय.

काका ठाण्यातल्या खोपटच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खिडकीमागे बसून गाड्या सोडायच्या आणि माइकवरून पुकारायच्या, हे काम. निवृत्त झाले तेव्हा माइक तिथे राहिला, पुकारणं घरी आलं. "तळमजल्याकडे जाणारी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर लागलेली आहे," हे आम्ही रोज ऐकतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी भरकटला की काका म्हणतात, "गाडी मार्ग सोडून चाललीये." आजारी माणसाला भेटायला गेले की पहिला प्रश्न, "काय, वर्कशॉपमध्ये?" आणि गंमत म्हणजे तो आजारी माणूस हसतो.

"आयुष्यभर लोकांना सोडलं गं मी," ते मला एकदा म्हणाले. "अलिबाग सोडलं, महाड सोडलं, शिर्डी सोडलं. स्वतः कुठे सुटलो नाही."

कारण काकूंना गाडी लागायची. डेपोतल्या माणसाची बायको, आणि जवळच्याच माजिवड्याला पोचायच्या आत लिंबू हुंगायला लागायची! त्यामुळे दोघं कुठे गेलेच नाहीत. काकू जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मुलगी नाशिकला. घरात काका आणि फ्रिज.

त्या फ्रिजवर एक दिवस फोटो लागला. हिमालयातलं एक कुरण. घोड्यावरून सहल, बरोबर माहीतगार माणसं, रस्ता नाही, गाव नाही, मोबाइलला रेंज नाही. सगळ्यात शेवटी एक खिंड आणि खिंडीपलीकडे हे कुरण. "तिथे गाडी जात नाही," काका येणाऱ्याजाणाऱ्याला छाती काढून सांगायचे. त्यांनी स्वतःच ती फेरी रद्द केल्यासारखे. आणि त्याच आठवड्यात ते सरावाला भिंतीवर चढले.

नेमकं तेव्हा मी घोड्यांवर पत्रक काढलं होतं. मथळा : 'तुमची हौस, त्यांची पाठ!' पहिली प्रत काकांच्या हातात ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली. माझं पत्रक शेवटपर्यंत वाचणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आता तू चल."

"कुठे?"

"वर. तू घोड्यांकडे बघ, मी पुढे बघतो. काही वावगं दिसलं तर तिथेच घोषणा दे. डोंगरात आवाज घुमतो म्हणे."

"काका, मी विरोधात आहे!"

"अगं, विरोधात असलेल्यांनीच गाडीत बसावं. पुढच्या सीटवर. ड्रायव्हर जपून चालवतो."

यावर काय बोलणार? आईने मात्र बोलायचं ते बोलून घेतलं. "एक भिंतीवर चढतो, दुसरी झेंडा घेऊन निघते. जा दोघं!"

आधी शीळफाट्याजवळच्या एका तबेल्यात शिकायला जायचो. पहिल्याच दिवशी काका धपकन खाली आले. मी किंचाळत धावले. "काही नाही, काही नाही. थांबा नसताना उतरलो," असं म्हणून ते उठले, पँट झटकली आणि घोड्याची माफी मागितली. मस्करी नाही. हात जोडून मागितली.

पहाडात काकांच्या वाट्याला रानी आली. तांबूस घोडी, कपाळावर पांढरा ठिपका, चेहऱ्यावर सरकारी कचेरीतल्या बाईंसारखा भाव. डेपोत सकाळी टायर ठोकून बघतात तसे काका रोज तिच्याभोवती एक फेरी मारायचे, मानेवर थाप द्यायचे आणि विचारायचे, "निघायचं?" तिने मान हलवल्याशिवाय चढायचे नाहीत. माश्या होत्या, त्यामुळे मान ती हलवायचीच. काकांना तेवढं पुरायचं.

"बाबूजी, घोड़ी से इजाज़त माँगते हो?" आमचे वाटाडे देवीरामजी हसून म्हणाले.

"माँगनाच पड़ेगा," काका आपल्या डोंबिवली हिंदीत म्हणाले. "गाड़ी उसकी, हम तो खाली सवारी है."

मी माझं काम करत होते. पाठी बघितल्या, खूर बघितले, पाणी कधी पाजतात ते बघितलं. देवीरामजी स्वतः एकेक खोगीर उचलून दाखवायचे. चिडायला काहीच सापडेना, त्याचीच चीड यायला लागली.

आणि शेवटी तो दिवस आला. सकाळी तळावरून निघायचं, खिंड चढायची, कुरण बघायचं, संध्याकाळी तळावर परत. दुसऱ्या दिवशी सगळे खाली उतरणार. म्हणजे कुरणाला दुसरी फेरी नव्हती. काकांनी धुतलेला शर्ट घातला होता.

चढ सुरू झाला आणि रानी लंगडायला लागली. पुढचा उजवा पाय.

"थांबा! सगळे थांबा!" मी ओरडले. इतके दिवस साठलेलं सगळं बाहेर आलं. मुक्या जिवावर अत्याचार, पर्यटनाच्या नावाखाली पिळवणूक, निषेध असो. आवाज खरंच घुमला. देवीरामजींनी शांतपणे खूर उचलला, दाबून बघितला, पाय वाकवून बघितला आणि हसायला लागले.

"मैडमजी, ये हर बार यहीं लंगड़ाती है."

त्यांनी काकांना उतरायला लावलं, खिशातून मूठभर चणे काढले आणि उताराच्या बाजूला जाऊन मूठ वाजवली. रानी चारी पायांवर ठुमकत गेली. चणे खाल्ले. तिला पुन्हा चढाकडे वळवलं, तिने पुन्हा पाय उचलला. या वेळी डावा.

आमच्याबरोबर ठाण्याचं एक जोडपं होतं, ते हसून हसून खोगिरावर आडवं व्हायचं बाकी राहिलं. "काका, उल्लू बनवतेय तुम्हाला!"

"चढ से बचती है, और कुछ नहीं," देवीरामजी म्हणाले. "बैठो, एड़ लगाओ, चल पड़ेगी. दूसरा घोड़ा तो है नहीं."

काकांनी रानीकडे बघितलं. मग देवीरामजींना म्हणाले, "आप लोग जाव. हम इसके साथ तल पे रुकता है."

मला राहवलं नाही. "काका, नाटक करतेय ती! तुम्ही बघितलंत ना आत्ता? पाय बदलला तिने! कुरण त्या वळणामागे आहे. बसा, टाच मारा आणि चला." हो, हे मीच म्हणाले. पत्रकवाली.

"नाटकच आहे ते. मला काय दिसत नाही?" काका म्हणाले. "पण नको झाल्याशिवाय कुणी नाटक करतं का गं? तिला बोलता येत नाही, तिने पाय उचलला."

देवीरामजींनी एकदा खिंडीवरच्या ढगांकडे बघितलं, खांदे उडवले आणि बाकीच्यांना घेऊन पुढे निघाले. मी माझा घोडा धरून तिथेच उभी होते. मला रडू येत होतं, तेही रागाने. या माणसाने उन्हापावसात भिंतीवर बसून अख्ख्या डोंबिवलीचं हसू सोसलं होतं.

"नाशिकची आमची येते ना," काका खोगिराचा पट्टा सोडत म्हणाले, "ती निघायच्या दिवशी मला चक्कर येते. रिक्षा दारात आली की हमखास. भिंत धरून उभा राहतो."

"मग डॉक्टरांना दाखवलंत का?"

"कशाला? चक्कर येतच नाही."

पट्टा घट्ट बसला होता. त्यांनी दोन्ही हातांनी ओढून तो सोडवला.

"तिला ठाऊक आहे. पहिल्याच वेळी कळलं असणार. शाळा बुडवायची असली की तिचंही पोट असंच दुखायचं, त्यातली जाणकार ती. पण एका शब्दाने बोललेली नाही. रिक्षा परत पाठवते, बॅग आत नेऊन ठेवते आणि विचारते, बाबा, मुगाची खिचडी टाकू का?"

त्यांनी खोगीर उतरवून दगडावर ठेवलं आणि रानीच्या ओल्या पाठीवरून हात फिरवला. बाकीचे घोडे वळणाआड गेले होते. रानीने डावा पाय अजून वर धरलेला होता.

"टेकव आता," काका तिला हळूच म्हणाले. "गेले सगळे."

तिने टेकवला नाही. ती माझ्याकडे बघत होती.

मी माझा घोडा वळवला आणि त्या दोघांकडे पाठ करून उभी राहिले.