गाडेकर सर ॲडमिट आहेत

आमचे डॉक्टर वर्षातून एकदा आपल्याच हॉस्पिटलात भरती होतात. आजारी पडून नव्हे, चांगले धडधाकट असताना. पोळा झाला की एका सकाळी डॉ. भानुदास गाडेकर काउंटरवर येऊन उभे राहणार, मोबाईल आणि कमरेचा पट्टा माझ्या हवाली करणार आणि वॉर्डातला निळा सदरा-पायजमा घालून कॉटवर जाऊन बसणार. मग काही दिवस ते पेशंट. मी उठा म्हटलं की उठायचं, जेवा म्हटलं की जेवायचं. त्यांना फोन आला तर आम्ही खरं तेच सांगतो, सर ॲडमिट आहेत. समोरचा माणूस घाबरून फोन ठेवतो, त्याला आमचा इलाज नाही.

मी रेहाना सय्यद, इथली इनचार्ज सिस्टर. नगरहून नेवाशाकडे निघालं की उसाच्या शेतांत आमची दुमजली इमारत दिसते. लोक तिला वेड्यांचा दवाखाना म्हणतात. माझ्या तोंडावर कोणी म्हणत नाही, कारण माझा स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे.

सर मूळचे खर्ड्याचे. अद्वैत त्यांना कधी आणि कुठे भेटलं ते त्यांनी नीट सांगितलं नाही, पण भेटलं ते कायमचं मुक्कामाला आलं. डॉक्टर वेगळा नि पेशंट वेगळा, हे त्यांना मान्यच नाही. “दोन कुठं हाईत?” हे त्यांचं पालुपद. एकदा नगरच्या चौकात हेल्मेट नाही म्हणून पोलिसानं अडवलं, तर तुझ्यात नि माझ्यात एकच आहे हे सर त्याला समजावू लागले. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पावती सरांच्याच नावानं फाडली. मीही एकदा डाव साधला. म्हटलं, दोन नाहीतच, तर रजा तुम्ही घेतली काय नि मी घेतली काय, मी घेते. ते इतके खूश झाले की मागितल्याहून एक दिवस जास्त दिला.

मध्यंतरी आमच्या ट्रस्टनं त्यांना पुण्याला नेतृत्वाच्या शिबिराला पाठवलं. तिथं म्हणे शिकवतात की पुढाऱ्यानं आधी स्वतःच्या आत काय चाललंय ते बघावं. बाकीचे लोक फाईल आणि पेन घेऊन परत आले असतील. सर परत आले ते थेट स्वतःच्या केबिनचं दार काढायला सुतार घेऊनच. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या मीटिंगमध्ये प्रत्येकानं आपल्या आत काय आहे ते सांगायचं, अशी पद्धत सुरू झाली. वॉचमन सांगळे रोज “भूक” म्हणायचे. माझ्या आत बहुतेक वेळा राग असायचा. सरांचा नियम असा, की ज्याच्या आत राग आहे त्यानं तो उतरेपर्यंत पेशंटला हात लावायचा नाही. स्वयंपाकघरात जाऊन कांदे चिरायचे. पहिल्या वर्षी आमच्या आमटीत कांदा फार असायचा, तो माझा. पण खरं सांगते, पूर्वी आरडाओरडा करणाऱ्या पेशंटला आम्ही धरून ठेवायचो, त्यातलं अर्धं धरणं आमच्याच रागापायी होतं. ते थांबलं.

त्यांच्या भरती होण्यातूनही असंच काहीबाही निघायचं. एका वर्षी नेमकी मी रजेवर आणि डॉ. मानसी नावाची नवी मुलगी पुण्याहून त्याच दिवशी रुजू झालेली. तिनं राऊंडला विचारलं, काका, काय करता? सर म्हणाले, मी इथला मुख्य डॉक्टर. तिनं मान डोलावली आणि मोठेपणाचा भ्रम असं लिहून घेतलं. शेजारच्या कॉटवर सुप्याच्या कारखान्यातला वेल्डर सोपान होता. तो कळवळून म्हणाला, “व्हय मॅडम, त्ये खरंच डॉक्टर हाईत.” तिनं सोपानच्याही कागदावर तेच लिहिलं. सरांनी एका शब्दानं वाद घातला नाही, दिलेली गोळी निमूट घेतली आणि दुपारपर्यंत घोरत पडले. परत आल्यावर मी डोक्याला हात लावला. मानसी रडवेली झाली होती. सर तिला म्हणाले, तुमचं काही चुकलं नाही, फक्त गोळीबरोबर घोटभर पाणी देता, ती घशात अडकते. तेव्हापासून आमच्याकडे गोळीबरोबर भरलेला ग्लास मिळतो.

गुरुवार आमचा भेटीचा वार. दुपारी फाटक उघडतं, नातेवाईक केळी नि बिस्किटाचे पुडे घेऊन येतात. ज्यांचं कोणी अजून आलेलं नसतं ते कडुनिंबाखालच्या बाकावर वाट बघत बसतात. भरती असताना सरही त्या बाकावर बसायचे. उठताना प्रत्येक पेशंट आपल्या माणसाला एकच विचारतो, परत कधी येणार? आणि माणूस म्हणतो, येतो लवकरच. सरांनी तेही बंद केलं. वार सांगा, नाहीतर येणार नाही म्हणा, पण लवकर म्हणू नका, असं ते नातेवाइकांना फाटकावरच बजावतात. मला वाटायचं, बाकावर बसणं हा त्यांच्या अभ्यासाचा भाग.

गेल्या दिवाळीनंतर वहिनी, सरांच्या पत्नी, वारल्या. मुलगा कॅनडाहून आला, दिवस झाले, परत गेला. सर कामावर आले आणि आधीपेक्षा जास्त काम करू लागले. आम्हाला वाटलं, एवढं अद्वैत पचवलेला माणूस, सावरला. मग उन्हाळ्यात एका सकाळी मीटिंगमध्ये त्यांची पाळी आली. मग म्हणाले, “आत काहीच न्हाई. लई दिवस झाले, काहीच न्हाई.” उठून त्यांनी पट्टा काढला, मोबाईल ठेवला. पोळ्याला अजून अवकाश होता. माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, “सिस्टर, या वेळी खरं हाय.”

डॉ. मानसीनं त्यांना तपासलं. तिनं पुण्याच्या तिच्या सरांशी फोनवर बोलून औषधं सुरू केली. आता ती बिचकत नव्हती. तिनं लिहिलं, नैराश्य. भरलेला ग्लास पाणी दिलं.

तिसऱ्या दिवशी ट्रस्टचे अध्यक्ष गाडी घेऊन आले. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या मते दवाखाना नावावर चालतो. सरांना गुपचूप पुण्याला हलवायचं आणि लोकांना परिषदेला गेलेत म्हणून सांगायचं, असं ते ठरवूनच आले होते. ज्याचा डॉक्टरच पेशंट, तिथं आपलं माणूस कोण ठेवील, हा त्यांचा प्रश्न. मी म्हटलं, सरांना कावीळ झाली असती तर तुम्ही मोसंबी घेऊन आला असता. आज गाडी घेऊन आलात. ते माझ्याकडे न बघता कॉटपाशी गेले. सर उशीला टेकून बसले होते, दाढी वाढलेली, आवाज अगदी खाली. पण बोलले ते स्पष्ट.

“मी लाजून पुण्याला गेलो, तर उद्या सोपानला हितं ऱ्हा म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?”

अध्यक्ष बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, राहा. पण गुरुवारी दार लावून आत राहा, नातेवाइकांच्या नजरेला पडू नका. पडलात तर पुढच्या बैठकीत मला दुसरा डॉक्टर बघावा लागेल.

गुरुवारी सकाळी त्यांनी माझ्याकडे दाढीचं सामान मागितलं. इतके दिवस अंघोळीलाही उठवावं लागायचं. दाढी केली, निळ्या सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि फाटक उघडायच्या आधीच कडुनिंबाखाली जाऊन बसले. मी काही त्यांना आत नेलं नाही. नेवाशाची एक म्हातारी आपल्या लेकीला भेटायला दर आठवड्याला येते. ती त्यांच्यासमोर थबकली. डॉक्टर, तुमी बी? असं तिनं विचारलं. ते म्हणाले, व्हय मावशी, मी बी. तिनं पिशवीतलं एक केळ काढून त्यांच्या हातावर ठेवलं आणि लेकीकडे गेली. त्या दिवशी कोणीही आपलं माणूस घरी नेलं नाही. उलट लोक येता-जाता सरांना हात जोडत होते.

पण हात जोडून सगळे पुढे जात होते. बाकावरची माणसं एकेक करून उठली. सोपान याही वेळी भरती होता, त्याची बायको आली तसा तोही उठला. सर केळ तसंच हातात धरून फाटकाकडे बघत होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की दर वर्षी ते असेच बघायचे. वहिनी होत्या तेव्हा त्या सगळ्यांच्या शेवटी यायच्या, डबा घेऊन, आणि आम्ही हसायचो की यांचं नाटक बघा, रोज घरी भेटतात ते भेटीच्या वारी भेटतात. ते नाटक नव्हतं. त्या माणसाला वर्षातून एकदा कोणीतरी आपल्याला भेटायला येताना बघायचं असायचं.

मला राग आला. स्वतःचा, कॅनडाचा, अध्यक्षांच्या टोपीचा. कांदे चिरायला गेले नाही. एप्रन काढून खुंटीला लावला, मागच्या दारानं रस्त्यावर गेले, गाड्यावरून पेरू घेतले आणि मिठाची पुडी बांधून घेतली. मग फाटकावर येऊन रांगेत उभी राहिले. सांगळ्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, कोणाला भेटायचं, नातं काय. म्हटलं, गाडेकरांना. घरची आहे. सांगळ्यांनी बाजूला होऊन आत सोडलं.

सरांनी वर पाहिलं. “सिस्टर, ड्युटी सोडून आलात?”

“आज मी सिस्टर नाही. आणि आज दोन आहेत, सर. तुम्ही पेशंट, आणि मी तुम्हाला भेटायला आलेली.”

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी या विषयावर माझ्याशी वाद घातला नाही. बाकावर सरकून जागा केली. मी पेरू फोडला, मीठ लावलं, खाताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. उन्हं कडुनिंबावरून उतरली तशी भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. अध्यक्षांच्या बैठकीत काय व्हायचं ते होऊ दे, असं मनाशी म्हणत मी उठले. सरांनी माझ्या ओढणीचं टोक धरलं.

“परत कधी येणार?”

तासाभरात मी एप्रन घालून त्यांच्याच कॉटपाशी गोळी घेऊन उभी राहणार होते. त्यांनाही ते माहीत होतं.

“पुढच्या गुरुवारी,” मी म्हणाले.