एका रबरी कोलंबीचा खर्च

चर्चमधली सणाची मिस्सा सुटायला पाऊण तास उरला होता आणि सिप्रियनच्या कागदावर एका कोलंबीची किंमत पाचाची सत्तावीस झाली होती. घामानं हातातलं पेन निसटत होतं.

कोलंबी रबरी होती, गळाला लावायची. पातळ प्लास्टिक तापवायचं, त्यात रंग आणि चमकी घालायची आणि साच्यात ओतायचं, हा उद्योग तो मागच्या पडवीत दोन वर्षं करत होता. कुरियरचं खोकं पाहून बायकोनं, हिल्डानं, एकदा विचारलं होतं, "केवढ्याला पडतं रे हे एक?" तिच्या धाकानं याच्या तोंडून निघून गेलं, "पाच रुपये."

बाजारात तीच सव्वाशेला मिळते हे ऐकून हिल्डा खूश झाली. इतकी, की काल तिनं आपल्या भावाला फोनवर दोनशे नग दहा रुपयांनी कबूलही करून टाकले. फ्लॉईडचं विरारला गळाच्या सामानाचं दुकान होतं, आणि आज मिस्सेनंतर ती त्याला जेवायलाच घेऊन येणार होती. खरा आकडा तिला कळला, की सिप्रियनचं रविवारी गळ घेऊन अर्नाळ्याला जाणं कायमचं बंद.

त्यानं पुन्हा हिशोब मांडला. सामान सतराशेचं. ओतलेले नग शंभर, पण अडतिसांत बुडबुडे राहिले किंवा शेपट्या तुटल्या. चांगले निघाले बासष्ट. साचा चोवीसशेचा, तो त्यानं दहा हजार नगांवर वाटून टाकला. नगामागे फक्त चोवीस पैसे आले तेव्हा त्याला जरा बरं वाटलं. मग आठवड्याला वीस धरले तरी दहा हजार ओतायला साडेनऊ वर्षं लागतील, हे लक्षात आलं.

उपाय एकच होता. ते अडतीस बिघडलेले नग वितळवून पुन्हा ओतायचे, म्हणजे किंमत खाली येईल. त्याच्या जुन्या भांड्याला भोक पडलं होतं. घरात जाड बुडाचं पातेलं एकच, नाताळात हिल्डा ज्यात पेराची, म्हणजे पेरूची, वडी करायची ते. पाच मिनिटांचं तर काम, असं म्हणून त्यानं ते गॅसवर चढवलं.

सातव्या मिनिटाला धूर झाला. प्लास्टिक आधी पिवळं पडलं, मग काळं, आणि मग पातेल्याच्या बुडाशी कायमचं राहायला गेलं. सिप्रियननं कागदावर लिहिलं, 'पातेलं, अकराशे पन्नास.' कोलंबी आता सेहेचाळीस रुपयांची झाली होती. तेवढ्यात फाटक वाजलं.

"काय जळतंय?" हिल्डानं दारातूनच विचारलं. तिच्या मागे फ्लॉईड होता.

सिप्रियनला कागद लपवायचा होता, पण त्याच्या हातात पातेलं होतं. हिल्डानं पातेलं पाहिलं, कागद उचलला आणि खुर्ची ओढून बसली. तिचं लहानपण आगाशीच्या बाजारात आईबरोबर केळी विकण्यात गेलं होतं. वाचताना तिचं बोट एकेका आकड्यावरून फिरलं.

"हे चुकलंय," ती म्हणाली.

"हिल्डा, मी तुला सांगणारच होतो..."

"पातेलं यात कशाला धरलंस? ते तू तुझ्या खिशातून आणायचं. आणि मजुरी कुठाय? गॅस कुठाय? फुकट राबतोस काय तू?" तिनं पेन घेतलं, खाडाखोड केली आणि भावाकडे वळली. "फ्लॉईड, ऐंशी रुपये."

"काल तर दहा म्हणालीस!"

"काल हिशोब झाला नव्हता. तू सव्वाशेला विकतोस ना?"

फ्लॉईडनं एक कोलंबी उचलून शेपूट हलवून पाहिली. "चालेल. पण भावोजी, माशाला चालते ना ही?"

"चालते म्हणजे?" हिल्डाच बोलली. "दर रविवारी एक जिताडा घरी येतो. एकही रविवार रिकामा नाही."

"मग येत्या रविवारी मी पण येतो अर्नाळ्याला. भावोजी मासा ओढताना व्हिडिओ काढू, गिऱ्हाइकं तुटून पडतील."

हिल्डानं हसत कागद नवऱ्यापुढे सरकवला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण त्याच्याकडे इतक्या कौतुकानं तिनं क्वचितच पाहिलं असेल.

"बघ, अजून काही खर्च लिहायचा राहिलाय का?"

राहिला होता. अर्नाळ्याची भागूबाई कोळीण, दर रविवारी एक जिताडा, सहाशे रुपये.

"नाही गो," सिप्रियन म्हणाला, "एवढंच."