मोहबोडीची कार्बन कॉपी

नाहीदने मोहबोडीच्या लोकांना गोळा करून आपलं काम समजावून सांगितलं, आणि घोळ तिथेच सुरू झाला.

दोन हजार तीन सालचा फेब्रुवारी होता. तिला संशोधनाची फेलोशिप मिळाली होती. चिमूरकडच्या जंगलात कुठली झाडं आहेत, त्यांच्यात कार्बन किती साठलाय आणि वणवा लागण्याचा धोका कुठे जास्त आहे, याचा नकाशा तिला करायचा होता. तिचे अब्बा जहीरभाई यांचं चंद्रपुरात कापडाचं दुकान होतं. टेपने कापड मोजून पोट भरतं हे त्यांना ठाऊक होतं, पण झाड मोजायचाही पगार मिळतो यावर त्यांचा अजून विश्वास बसला नव्हता.

गावकऱ्यांना तिने सोप्या भाषेत सांगितलं. झाड हवेतला कार्बन ओढून आपल्यात साठवतं. आम्ही ठरावीक तुकड्यांमधली झाडं मोजू, त्यांच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर टाकू. वरून उपग्रह फोटो काढतो, त्यात जळलेलं जंगल काळं दिसतं. लोकांनी मान डोलावली आणि ती खूश होऊन झोळी आवरायला लागली.

टेपचं दुसरं टोक धरायला तिने देवाजीला कामावर घेतलं होतं. देवाजीने शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या भांडणापायी तहसील कचेरीत कित्येक वर्षं काढली होती, त्यामुळे कार्बन म्हणजे काय हे गावात फक्त त्यालाच माहीत होतं. दोन कागदांच्या मधे घालतात तो निळा कागद. वरची प्रत आपल्याला मिळते, खालची सरकारजवळ राहते. त्याने पारावर बसून सगळ्यांना नीट समजावलं.

"नंबर पडला का त्या झाडाची एक कॉपी दिल्लीले जाते. इथी झाडाखाली जाळ केला का तिथी कॉपी काळी पडते."

"अन् नाव कोणाचं निघन?" कुणीतरी विचारलं.

"ज्याचा मोह, त्याचं."

मार्चमध्ये मोहफुलं गळायला लागली. जंगलात कुठला मोह कोणत्या घराने वेचायचा हे ठरलेलं होतं. दरवर्षी लोक मोहाखालचा पालापाचोळा पेटवून देत, म्हणजे साफ जमिनीवर फुलं वेचायला सोपं जाई. त्यातलीच एखादी ठिणगी पुढे जंगलात जाई. या वर्षी नंबरवाल्या झाडांखाली बाया खराटे घेऊन उभ्या होत्या. जंगल झाडणाऱ्या बाया पाहून नाहीदला वाटलं, इथे ग्रामस्वच्छता अभियान फारच जोरात आहे.

मनकर्णाचा मोह मात्र मोजणीच्या तुकड्याबाहेर होता. सगळ्यांच्या झाडांची कॉपी निघाली आणि आपलीच राहिली, हे तिला सहन होईना. उद्या आग लागली तर ज्याची कॉपी नाही त्याच्यावरच आळ येणार. तिने नाहीदला गाठून नंबर मागितला. नाहीदने तिला नमुना निवडीचं शास्त्र समजावलं. मनकर्णाला त्यातलं एवढंच कळलं की आपलं नाव वगळलंय. घर पोतायचा चुना उरला होता, तो घेऊन तिने आपल्या मोहावर सत्तावीस लिहिलं, कारण शेजारणीच्या झाडावर सत्तावीस होतं. मग सगळ्या गावानेच चुना भिजवला. कुणी सत्तावीसच लिहिलं, कुणी रेशनकार्डाचा नंबर टाकला, आणि एकाने चुन्यात हात घातलाच आहे म्हणून विजेचा खांबही उरकला.

तेवढ्यात नाहीदचे मार्गदर्शक गुणवंतराव पाहणीला आले. ते शांतपणे जंगलात फिरले.

"नाहीद, तुझ्या या तुकड्यात आणि आसपास मिळून सत्तावीस नंबरची चार झाडं आहेत," ते म्हणाले. "बाहेर रस्त्यावर एक खांब आहे. त्याच्यात कार्बन किती धरलास?"

एप्रिलच्या उन्हात तिने सगळी झाडं पुन्हा मोजली आणि या वेळी लाल रंग वापरला. देवाजीने गावात सांगितलं, दुबार तपासणी चालू आहे, जपून राहा.

शेवटी नकाशा झाला. वणव्याच्या धोक्याचा सगळ्यात गडद लाल डाग मोहबोडीवर पडला. पाऊस लागला तेव्हा वणव्यांची माहिती आली. आजूबाजूच्या गावांची जंगलं थोडीथोडी जळली होती, मोहबोडीत पानही जळलं नव्हतं. फेलोशिपच्या समितीने विचारलं, जिथे धोका सर्वांत जास्त तिथेच काही का होत नाही? पुढच्या वर्षीही नकाशा असाच चुकला तर मुदतवाढ मिळणार नाही, असंही बजावलं.

कारण शोधायला नाहीद मोहबोडीला गेली. देवाजीने तिला कार्बन कॉपीची हकिगत अभिमानाने सांगितली.

लोकांना खरं सांगितलं तर ते मार्चमध्ये पुन्हा पाला पेटवतील, जंगल जळेल, नकाशा बरोबर ठरेल आणि फेलोशिप वाचेल. न सांगावं तर आपल्याच तोंडून निघालेली अफवा आपणच पोसायची. खरं सांगणं हे कर्तव्य होतं, पण ते कर्तव्य इतकं सोयीचं निघावं याची तिला लाज वाटली. तरी तिने लोकांना बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं.

मनकर्णा म्हणाली, "म्हणजे दिल्लीले आमची कॉपी नाई?"

"नाही, बाई. कुठंच नाही."

"नंबरचं झाड जळलं तं कोणाले समजणार नाई?"

"नंबरावरून तर नाहीच."

देवाजी उठला आणि लोकांकडे वळला. "आयकलं ना? मी तहसीलमदी लय वर्स काढले. सायेब ज्या कागदाले 'नाईच' म्हणते, तो कागद कपाटात राह्यतेच."

लोकांना पटलं. मनकर्णाने तर जाता जाता नाहीदच्या दंडावर हात ठेवला. वरून दबाव असला की बिचाऱ्या मॅडमला असं बोलावं लागतं, हे तिला समजत होतं.

पुढच्या मार्चमध्ये मोहबोडीने मोहाखालचाच नाही, जंगलातल्या पायवाटेवरचाही पाला झाडून काढला. नकाशा दुसऱ्यांदा चुकला.

समितीपुढे नाहीदने चुना, सत्तावीस नंबर, कॉपी, जे घडलं ते सगळं जसंच्या तसं सांगितलं. सदस्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी चष्मा पुसत, मोहबोडीची माती मुळातच ओलसर असली पाहिजे, असं मत दिलं. ते सर्वांना पटलं, आणि ती माती तपासण्यासाठी नाहीदची फेलोशिप आणखी एक वर्ष वाढवण्यात आली.