आवाज किती ठेवू, मॅडम?

वल्लरी मॅडमच्या सरकारी गाडीचं स्टिअरिंग वळवलं की बॉनेटखालून रडण्याचा आवाज येतो, ही बाब कार्यालयाच्या निदर्शनास आणून देण्यात आली तेव्हा कार्यालयाने ती ऐकून घेतली. ऐकून घेणे ही कार्यवाहीची पहिली पायरी असते. पुष्कळ प्रकरणांत ती शेवटचीही असते.

सरळ रस्त्यावर गाडी अगदी गुणाची होती. गुडीहत्नूरहून निघाली की दोन्ही बाजूंचा कापूस बघत मुकाट चालायची. पण उटनूर मागे पडून घाट लागला की आधी बारीक कण्हायची, मग सासरी निघालेल्या लेकीसारखा गळा काढायची, आणि चाक पुरतं वळलं की असा हंबरडा फोडायची की सागाच्या शेंड्यांवरची पाखरं उडून दुसऱ्या डोंगरावर जाऊन बसत. दरीपलीकडच्या गावांतही तो ऐकू जाई. गावांची नावं सांगायला मंजुरी नाही.

वल्लरी मॅडमचं काम त्या गावांतल्या मुलींच्या हास्टेलांचा अचानक मुआयना, म्हणजे तपासणी, करण्याचं. त्या कधीही कळवून जात नसत, आणि तरीही जातील तिथे सारं उत्तम आढळे. अंगण झाडलेलं, वेण्या घातलेल्या, भात मोकळा, आणि डाळ अशी घट्ट की चमचा उभा राहावा. मॅडम दर खेपेला 'उत्कृष्ट' असा शेरा मारून सही करीत. आपल्या नुसत्या धाकाने अख्खा डोंगरी भाग सुधारला, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटे. आदिलाबादला नवऱ्याकडे आणि लेकीकडे बदली मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केला होता, त्यातही याच शेऱ्यांचा आधार दिला होता.

गाडीचं त्यांनी वरिष्ठांच्या, म्हणजे सुधाकररावांच्या कानावर घातलं.

"वल्लरीबाई, गाडी जुनी आहे," सुधाकरराव म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाचे गुडघे वाजतात. आपण गुडघे बदलतो का?"

"हल्ली बदलतात, सर."

"मंजुरीने बदलतात."

मंजुरीसाठी समिती नेमली गेली. समिती आवारात आली आणि तिने गाडीभोवती गंभीरपणे फेरी मारली. डिझेल केवळ मुआयन्यासाठी मंजूर असल्याने आवाजाच्या तपासणीसाठी इंजिन चालू करणं नियमात बसत नव्हतं. म्हणून बंद गाडीचं चाक वळवून पाहण्यात आलं. अहवाल असा निघाला: 'कोणताही आवाज आढळून आला नाही. मात्र स्टिअरिंग जड आढळले. चालकाने नियमित व्यायाम करावा.'

चालक चंपतराव यांनी तो अहवाल दोनदा वाचून घेतला.

"म्याडम, इंजिन बंद असल्यावर स्टिअरिंगचा पंप फिरन कसा? अन् पंप नाही फिरला तं चाक जडच राह्यते," ते म्हणाले. "झोपलेल्या माणसाले इचारून राह्यले का तू घोरतो का म्हून."

मॅडमनी पुन्हा लिहिलं. या वेळी भांडारात एक बेल्ट शिल्लक निघाला, त्यामुळे दोष बेल्टमध्येच असल्याचं निदान झालं. बेल्ट बदलला, गाडी नव्या बेल्टवर अधिक सुरात रडू लागली. मग भांडारात तेलाचा डबा सापडला आणि निदान तेलाकडे वळलं. स्टिअरिंगच्या तेलाची छोटी डबी काठोकाठ भरण्यात आली. दुसऱ्या दिवशी चंपतरावांनी झाकण उघडून दाखवलं. आत रवीने घुसळल्यासारखा पांढरा फेस.

"लोणी निंघते का पाहू का?" त्यांनी विचारलं.

फेसाबाबत भांडारात काहीही शिल्लक नसल्याने प्रकरण मिटवण्यात आलं.

ते घाटात उघडलं. उतरणीच्या वळणावर समोरून कापसाचा ट्रक आला आणि नेमकं तेव्हाच चाक दगडासारखं जड झालं.

"म्याडम, चाक फिरून नाही राह्यलं!" चंपतराव ओरडले. अख्खं अंग त्यांनी त्या चाकावर लोटलं. ट्रक कापसाचे पुंजके उडवीत घासून गेला आणि गाडी कठड्याला टेकून थांबली. खाली दरी होती, आणि दरीत एवढा हिरवा पळस की कुणालाही तिथे पडून राहावंसं वाटेल, पण स्वतःहून.

मॅडमनी आदिलाबादला लेकीला फोन लावला, तिचा आवाज ऐकून ठेवला, आणि म्हणाल्या, "गाडी गुडीहत्नूरला घ्या. मंजुरी नको. माझ्या खर्चाने."

गुडीहत्नूरला हायवेच्या कडेला राजकुमारचं गॅरेज होतं. सगळ्या सरकारी दफ्तरांच्या गाड्या त्याच्याकडेच यायच्या. त्याने पुढची चाकं उचलून गाडी चालू ठेवली, चंपतरावांना स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं आणि डबीत डोकावला.

"पंप तं ठणठणीत हाय, मॅडम. हवा पिऊन राह्यला तो. डबीतून पंपाकडे जाणाऱ्या या पायपाले क्लिपखाली चीर गेली. तेलासंगं हवा ओढते, म्हून फेस, म्हून रडणं, अन् हवा जास्ती झाली की चाक जड. पाइप बदलतो, तेल बदलतो, हवा काढतो." मग हात पुसत, न्हाव्याने कल्ल्यांबद्दल विचारावं तसं त्याने विचारलं, "आवाज किती ठेवू, मॅडम?"

"म्हणजे?"

"पुरा काढू, का थोडा ठेवू? सायबांच्या गाड्यांले थोडा ठेवतो आमी. मुआयन्याच्या गाडीले तं बरोबर ठेवा लागते."

"पूर्ण काढा," मॅडम कडाडल्या. दुरुस्तीच्या धंद्यातली ही नवी लबाडी असावी, असं त्यांना वाटलं.

राजकुमारने एकदा चंपतरावांकडे पाहिलं. चंपतरावांनी आभाळाकडे पाहिलं. पाइप बदलला गेला.

त्या दिवशी गाडी घाट अशी उतरली की वल्लरी मॅडमना नोकरीत प्रथमच पाखरांचा आवाज ऐकू आला. चाक एका बोटाने वळत होतं. दरीपलीकडच्या हास्टेलच्या दारात गाडी उभी राहिली तरी कुणी बाहेर आलं नाही.

आत मुली जेवायला बसल्या होत्या. केसांच्या जटा झालेल्या. ताटल्यांत भाताचे गोळे, आणि त्यावर डाळ म्हणून जे होतं त्यात छताचा पत्रा, पत्र्याचं भोक आणि भोकातलं आभाळ स्पष्ट दिसत होतं. मॅडमनी चमचा उभा केला. तो आडवा झाला आणि दिसेनासाही झाला नाही, कारण बुडायला तिथे काही नव्हतं.

वार्डन आशाबाई पदर खोचत धावत आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधीपणा नव्हता, अपमान होता.

"मॅडम, असं येतात का कोणी?"

"अचानक मुआयना आहे, आशाबाई."

"अचानक म्हून काय चोरावाणी यायचं? आजपावतो तुमी दर खेपेले अचानक आल्या, आमी कधी काही बोल्लो? घाटात गाडी रडली की आमी डाळ चढवतो. तुमी उतरेस्तोर शिजते, पोरींच्या वेण्या होते, चादरी निंघते. सगळा कायदा ठरलेला हाय. तुमीच मोडला."

"इतकी वर्षं मी जे पाहिलं ते..."

"ते बी खरंच होतं, मॅडम. डाळ खरी होती. पोरी खरोखर खात होत्या. आमी काही फोटो नव्हतो दाखवत."

कोपऱ्यातली एक मुलगी, नाव प्रणिता, हसू दाबत होती. मॅडम तिच्यापाशी उकिडव्या बसल्या. "का हसतेस गं?"

"बाई, आज गाडी काऊन नाही रडली?"

"दुरुस्त केली."

मुलीचं हसू मावळलं. एखाद्याच्या घरचं माणूस गेल्याचं कळावं तसं तिने शेजारणीकडे पाहिलं. "मंग आता?"

पलीकडच्या पंक्तीतून कुणीतरी हळूच सुरुवात केली, आणि एकेक मुलगी धरत गेली. भांडी घासताना म्हणायची ती त्यांची ओवी होती. आयांनी जात्यावरून दिलेल्या चालीत त्यांनी स्वतः बसवलेली.

घाटाच्या गं वळणावरी, गाडी बाई रडली
माझ्या ताटलीत आज, डाळ घट्ट पडली
रड रड गाडीबाई, नको गप राहू
तुझ्या रडण्यानं आमी, पोटभर खाऊ

वल्लरी मॅडम बाहेर येऊन गाडीच्या बॉनेटवर हात टेकून उभ्या राहिल्या. मग त्यांनी तिथेच, बॉनेटवर कागद ठेवून, नोकरीतला पहिला खरा शेरा लिहिला: 'निकृष्ट'. अक्षर थोडं वाकडं आलं. सवय नव्हती.

सुधाकररावांनी तो शेरा दोन्ही बाजूंनी पाहिला, जणू मागच्या बाजूला काही बरं लिहिलेलं असेल.

"मागच्या महिन्यात याच हास्टेलला काय लिहिलंय?"

"उत्कृष्ट."

"सही?"

"माझी."

"मग डाळ पातळ झाली कधी? घाटात?" सुधाकरराव मायेने हसले. "बघा, वल्लरीबाई. हे वर पाठवलं, तर चौकशी डाळीची होणार नाही. तुमच्या सह्यांची होईल. तुमचा बदलीचा अर्ज तर या सह्यांवरच उभा आहे. आदिलाबादला लेक वाट बघतेय ना तुमची?"

"पण सर, त्या मुली उपाशी..."

"त्यांचंच म्हणतोय मी. महिन्यातून एकदा का होईना, त्या लेकरांच्या तोंडी घट्ट डाळ पडत होती. तो घास कुणी काढून घेतला? तुम्ही. एका पायपाची चीर बुजवून."

वल्लरी मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं. करुणा आणि सोय एकाच वाटेने चालत आल्या की माणूस कुणाचंही बोट धरो, सांगताना करुणेचंच धरलं म्हणून सांगतो. शेरा त्यांनीच परत मागून घेतला.

"आवाज ठेवा," दुसऱ्या दिवशी त्या राजकुमारला म्हणाल्या.

"किती?"

"दरीपलीकडे ऐकू जाईल इतका."

राजकुमारने जुना, चीर गेलेला पाइप फळीवरून काढला. असे पाइप तो टाकत नसे. त्यांना मागणी होती. त्याने तो बसवला, क्लिप अंदाजाने सैल ठेवली, आणि गाडी पहिल्याच वळणाला ओळखीच्या सुरात रडली. समोरच्या टपरीवर दोन दफ्तरांचे शिपाई चहा पीत होते, त्यांनी समाधानाने माना डोलावल्या.

चंपतरावांनी मात्र किल्ली पुढे केली.

"म्याडम, चाक माह्या हातात राह्यते. जीव माहाबी हाय."

"सावकाश चालवा, चंपतराव."

"म्हंजे सावकाश मराचं."

तरी ते बसले. त्यांचीही पेन्शन जवळ आली होती. घाटात मॅडमनी दोन्ही हातांनी सीट धरली. प्रत्येक वळणावर चाक अडलं आणि सुटलं, अडलं आणि सुटलं. दरीपलीकडून धूर निघालेला दिसला. डाळ चढली होती. हास्टेलमध्ये पोचल्यावर चमचा उभा राहिला, मुलींनी पोटभर खाल्लं, आणि प्रणिताने दुसऱ्यांदा वाढून घेताना मॅडमना विचारलं, "बाई, गाडी इथंच ठेवून गेल्या तं? आमी फिरवू ना रोज चाक."

मॅडमनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. प्रश्न अधिकारकक्षेबाहेरचा होता.

पुढे सुधाकररावांनी या पद्धतीला योजनेचं रूप दिलं. मुआयन्याच्या कुठल्याही गाडीच्या स्टिअरिंगची दुरुस्ती लेखी परवानगीशिवाय करू नये, असा हुकूम निघाला. उद्दिष्ट म्हणून 'विद्यार्थिनींचे पोषण' असं लिहिलं गेलं. वल्लरी मॅडमची आदिलाबादला बदली झाली. त्यांच्या निरोपाला आशाबाईंनी शाल दिली, आणि त्यांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांना चंपतरावांनी पहिल्याच दिवशी गाडीचा आवाज ऐकवला. साहेबांनी तो ऐकून घेतला.

हास्टेलची बातमी वर्तमानपत्रात आतल्या पानावर छापून आली. 'डोंगरी भागातील सर्व वसतिगृहे उत्कृष्ट', आणि खाली फोटो: डाळीत उभा चमचा, मागे हसणाऱ्या मुली. ज्यांनी ती वाचली त्यांनी चला, काहीतरी चांगलं चाललंय, असं म्हणून चहाचा घोट घेतला आणि सोन्याचा भाव बघायला पान उलटलं. तुम्हीही ती वाचली होती. मुआयना अचानक असूनही सगळ्या मुलींच्या वेण्या इतक्या ताज्या कशा, हे तुमच्याही क्षणभर मनात आलं होतं. पण चहा निवत होता.