ग्वेंडाच्या ओढ्याकाठची चौदा लेंडकं

"डेव्हिल राहते माझ्याच शेतात. ग्वेंडाकडे ती नुसती पाय मोकळे करायला जाते!"

बार्लो बेच्या सभागृहात, भोपळ्याच्या स्कोनला लोणी फासता फासता, कोरली बेस्टरने साऱ्या गावादेखत हे ठोकून दिलं आणि तिच्या नवऱ्याच्या, व्हर्नच्या, कपातला अर्धा चहा त्याच्या मांडीवर सांडला. कारण बेस्टरांच्या शेतात गेल्या सात वर्षांत डेव्हिल नावाचं ते रानजनावर तर सोडाच, डेव्हिलचा केसही कुणी पाहिला नव्हता!

कोरलीचं तसं गावात कुणाशी वाकडं नव्हतं. फक्त कुंपणापलीकडच्या ग्वेंडा प्रॉबर्टशी होतं, आणि तेही फक्त चाळीस वर्षं. जत्रेत जेलीचं पहिलं बक्षीस ग्वेंडाला. मुलगी दातांची डॉक्टर, ती ग्वेंडाची. पाऊससुद्धा मेला ग्वेंडाकडे दोन मिलिमीटर जास्त पडायचा! कोरलीने स्वतः मोजला होता.

पण तेवढं चालून गेलं असतं. डेव्हिलचं मात्र चालून जाईना.

एके काळी सगळ्या टास्मानियात होते तसे बार्लो बेतही डेव्हिल उदंड होते. काळं, लहान कुत्र्याएवढं, मांसखाऊ जनावर, मादीच्या पोटाला कांगारूसारखी पिशवी. मेलेल्या वॉलबीवर, म्हणजे छोट्या कांगारूवर, चार जण तुटून पडले की असा काही आरडाओरडा करायचे, की नव्या पाहुण्याला वाटावं, कुणाचा तरी गळा कापताहेत. लोक वैतागायचे. मग तो रोग आला. तोंडावर गाठी. गाठ वाढत जाते, जनावराला खाता येत नाही आणि ते उपाशी मरतं. एक दुसऱ्याला चावला की रोग त्यालाही लागतो. आणि डेव्हिल जेवताना चावतात, भांडताना चावतात, प्रेम करतानाही चावतात! दोन-तीन वर्षांत रान गप्प झालं. त्या शांततेत कोरलीला कितीतरी दिवस नीट झोप लागली नव्हती. हे तिने व्हर्नखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि आता, सात वर्षांनी, ऐन मे महिन्यात, ग्वेंडाच्या ओढ्याकाठी लावलेल्या कॅमेऱ्यात एक डेव्हिल उमटली. मादी. तोंड स्वच्छ. पोटाची पिशवी भरलेली. होबार्टहून टॅमसिन नावाची तरुण संशोधक धावत आली आणि डेव्हिल पकडून तपासायला तिने ओढ्याकाठी नळीचा सापळाही लावला. ग्वेंडाला हिरवं जाकीट मिळालं, नोंदवही मिळाली, 'निरीक्षक' असा बिल्ला मिळाला. वर्तमानपत्रात फोटोही आला. पानभर ग्वेंडा, कोपऱ्यात डेव्हिल.

"बघितलंस? लिपस्टिक लावलीय!" कोरली कडाडली.

"कुणी? डेव्हिलने?" व्हर्नने विचारलं. त्या दिवशी त्याला कालची मटणाची तंगडी थंडच खावी लागली.

तर अशी ही आग पोटात घेऊन कोरली सभागृहात बोलून गेली. बोलली आणि पाहते तो काय, टॅमसिन हातात बशी घेऊन मागेच उभी!

"खरंच, कोरली? मग लेंडकं दिसली असतील की! डेव्हिल ठरलेल्या एकाच जागी परसाकडला येऊन बसतात. कोण आलं, कोण गेलं, सगळी खबरबात एकमेकांना त्या वासावरून कळते. आहेत का तुमच्याकडे?"

"ढिगाने!" कोरली म्हणाली.

"मग गुरुवारी सकाळी येतेच मी!"

घरी जाताना गाडीत व्हर्नने मांडीवरचा चहा पुसला. मग म्हणाला, "ढीग कुठून आणणार?"

कोरलीने खिडकीतून ग्वेंडाच्या ओढ्याकडे पाहिलं. व्हर्नच्या अंगावर काटा आला.

बुधवारी दुपारी ग्वेंडा केस करून घ्यायला गावात जाते, हे अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक. ती गेल्याबरोबर कोरली आइस्क्रीमचा रिकामा डबा आणि मांस भाजायचा चिमटा घेऊन कुंपणाखालून पलीकडे सरपटली. व्हर्नला फाटकाशी गाडीत बसवलं होतं. ग्वेंडाची गाडी दिसली की दोनदा हॉर्न!

"अगं, चोरायचंच तर जेली तरी चोर," तो एवढंच पुटपुटला.

ओढ्याकाठी माल चांगला होता. बोटाएवढी जाड, पीळदार, केसांनी भरलेली. कोरली मोजून मोजून उचलू लागली. बारा, तेरा, चौदा... आणि हॉर्न वाजला. दोनदा! कोरलीने मागचापुढचा विचार न करता ओढ्यात झोकून दिलं. जूनचं, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीतलं पाणी! बर्फाला हसवील असलं! पण डबा तिने दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होता. एकही लेंडूक भिजलं नाही.

दहा मिनिटांनी ती निळी पडून फाटकाशी आली.

"कुठाय ग्वेंडा?"

"ग्वेंडा? छे! टपालवाला गेला," व्हर्न म्हणाला. "त्याने हात केला, मीही हॉर्न दिला."

त्यानंतर तो जे बोलणार होता ते तो बोलला नाही. बायकोच्या हातातला चिमटा त्याला दिसला होता.

संध्याकाळी शेडमागे कोरलीने चौदाच्या चौदा लेंडकं मांडली.

"रांगेत मांडलीस?" व्हर्न म्हणाला.

"मग काय उधळू?"

"जंगली जनावर आहे ते, कोरली. शाळेत जात नाही."

तेव्हा कोरलीने ती पायाने जराशी विस्कटली आणि गवत टाकून वर साजही चढवला.

गुरुवारी सकाळी टॅमसिन आली. एकटी नाही, मागे हिरवं जाकीट घातलेली, केस फुलवलेली ग्वेंडा! टॅमसिन दहिवरात गुडघे टेकून बसली आणि तिचे डोळे चमकले.

"चौदा! इतकी तर ओढ्यावरही कधी मिळाली नाहीत! कोरली, ही तर मुख्य जागा दिसतेय. सापळा इकडेच हलवायला हवा. आणि निरीक्षकही... ग्वेंडा, तुमची हरकत नाही ना?"

ग्वेंडाचं तोंड कच्ची कैरी चावल्यासारखं झालं. कोरलीने ते तोंड डोळे भरून पाहून घेतलं. चाळीस वर्षांचा पाऊस एका क्षणात बरोबरीत आला!

टॅमसिनने हातमोजे चढवले, छोटा चिमटा काढला आणि एकेक लेंडूक फोडायला सुरुवात केली. "वॉलबीचे केस. पॉसमचं नख. हाडाचा चुरा, छान. आणि हा... दोरा?"

लाल-पांढरा दोरा होता. पुढच्यातही दोरा. त्याच्या पुढच्यात तर दोऱ्याला गाठही होती. नीट मारलेली, फुलाची गाठ.

टॅमसिन सावकाश उभी राहिली. "भाजायच्या मांसाला बांधतात तो दोरा आहे हा. कोरली, तुम्ही तिला मांस घालता?"

"मी?"

"एका जागी आयतं मांस पडलं की दुसरे डेव्हिल येतात. मांसावरून भांडतात आणि तोंडालाच चावतात. त्यातला एक जरी रोगी निघाला तर संपलं! तिच्या पिशवीत चार पिल्लं आहेत, मागे सापळ्यात आली तेव्हा मी मोजलीत, कोरली. वीस-तीस जन्मतात, तांदळाच्या दाण्याएवढी. आचळं चारच. त्यातून ही चार जगलीत. आणि तुम्ही..." टॅमसिनने हातमोजे ओढून काढले.

तो दोरा कोरली ओळखत होती! गावात असली फुलाची गाठ मारून रविवारचं मटण बांधणारी बाई एकच. ती बाई या वेळी नोंदवही वाचत होती. वही उलटी होती.

आता काय करावं? गप्प राहावं तर चार पिल्लांची वैरीण. बोलावं तर लेंडूकचोर! कोरलीने व्हर्नकडे पाहिलं. व्हर्न ढगांकडे पाहत होता.

"ही लेंडकं माझी नाहीत!" ती किंचाळली.

"मी साक्ष देतो," व्हर्न म्हणाला.

"ग्वेंडाची आहेत!"

"काय बोलतेस तू!" ग्वेंडा उसळली.

"तुझ्या ओढ्यावरची! काल मी उचलून आणली, डब्यात भरून! आणि दोरा तुझा! रोज मटणाची तंगडी चारतेस तिला!"

"रोज नाही! फक्त रविवारी!" ग्वेंडा ओरडली आणि तोंडावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

मग हळूच म्हणाली, "पहिल्या फोटोनंतर आठवडाभर ती फिरकलीच नाही. टॅमसिन कॅमेरा हलवायचं बोलायला लागली. कोरलीकडे! कोरलीकडे झाडी जास्त, कोरलीकडे बिळं जास्त. मला झोप येईना. मग मी काय करणार होते?"

ग्वेंडाला झोप येत नव्हती! आपल्यामुळे! एवढ्या सगळ्या फजितीत कोरलीच्या अंगावरून मोरपीस फिरलं. पण ते फार वेळ टिकलं नाही, कारण टॅमसिन तडक ओढ्याच्या वाटेला लागली होती. तिच्या मागे सगळे निघाले.

नळीच्या सापळ्यात डेव्हिल होती.

टॅमसिनने तिला गोणपाटात घेतलं, मांडीवर धरलं आणि फक्त तोंड बाहेर काढलं. काळंभोर तोंड, रागाने लाल झालेले कान. टॅमसिनने ओठ वर केले, हिरड्या पाहिल्या, गालावरून बोट फिरवलं आणि ते मध्येच थांबलं.

"चावा आहे. ताजा."

ग्वेंडा कोरलीजवळ सरकली.

"गाठ?" कोरलीने विचारलं.

"आत्ता दिसणार नाही. महिने लागतात. सप्टेंबरात पुन्हा पाहू, आणि पुढेही पाहत राहावं लागेल." टॅमसिनने पिशवी हलकेच उघडून आत पाहिलं. "चारही जागेवर आहेत."

डेव्हिल सुटली तशी मागे न बघता झुडपात घुसली. कोरली आणि ग्वेंडाला तेव्हा कळलं, की आपण एकमेकींचा हात घट्ट धरून उभ्या आहोत. चटका बसल्यासारखे दोघींनी हात सोडले.

टॅमसिनने ग्वेंडाकडून जाकीट उतरवून घेतलं. वही घेतली, बिल्ला घेतला. कोरलीने उगाचच केस सारखे केले.

"व्हर्न," टॅमसिन म्हणाली, "तुम्हाला डेव्हिलमध्ये काही रस?"

"फारसा नाही."

"उत्तम! उद्यापासून तुम्ही निरीक्षक."

व्हर्न रोज सकाळी हिरवं जाकीट घालून जाऊ लागला आणि परत आला की वही कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावू लागला. काय पाहिलं, विचारलं तर म्हणे, "सांगता येत नाही." सप्टेंबर आला. एका शुक्रवारी कोरलीने वर्तमानपत्र उघडलं, तर पानभर व्हर्न! खाली बातमी: बार्लो बेची मादी तपासली, तोंड अजून स्वच्छ, चारही पिल्लं बिळात सुखरूप.

कोरलीने बातमी दोनदा वाचली, डोळे पुसले, नाक पुसलं आणि मग ती टेबलावर हात आपटून ओरडली, "केव्हा तपासली?"

"गेल्या शुक्रवारी."

"आठ दिवस! आठ दिवस माझ्या शेजारी झोपलास आणि बोलला नाहीस?"

"निरीक्षकांचं काम आहे ते, कोरली," व्हर्न पावाला लोणी लावत म्हणाला. "सर्वसामान्य जनतेला पेपरातूनच कळतं."

त्या दुपारी सर्वसामान्य जनता कुंपण ओलांडून ग्वेंडाकडे चहाला गेली आणि दोघींनी दिवे लागेपर्यंत व्हर्नला शिव्या घातल्या.