बरोबर बावीस

अमेरिकेतल्या लाँग बीचच्या प्रौढ शाळेत इंग्रजीच्या सहा पातळ्या होत्या आणि माणसाने एकीतून दुसरीत जावे असा नियम होता. दुसऱ्या पातळीच्या वर्गाला या नियमाचा अकरा वर्षे काही उपद्रव झाला नव्हता.

वर्गात तेवीस जण होते. सगळे कंबोडियातून आलेले, सगळे साठीच्या पुढचे. सकाळी नऊला हजेरी होई. मग हॉलिंगर मास्तर फळ्यावर एक वाक्य लिहीत, ते सगळे वहीत उतरवून घेत आणि साडेदहाला डबे उघडत. शुक्रवारी कुणीतरी पातेलेभर नोम बान्चोक आणी; तांदळाच्या शेवया, वर माशाची हिरवट आमटी. शुक्रवारची हजेरी शंभर टक्के असे, आणि वार्षिक अहवालात तिची नोंद ‘शिकण्याची तळमळ’ अशी होई.

सोफान खिडकीजवळच्या बाकावर बसे. तिने एकतीस वर्षे डोनटचे दुकान चालवले होते. गिऱ्हाइकाशी गोड बोलणे, मैद्यावाल्याशी भांडणे आणि आरोग्य-निरीक्षकाला गप्प करणे, हे सगळे तिला इंग्रजीत येत असे. दुकान विकले, मुलगा-सून कामावर जाऊ लागली, आणि घरात दिवसभर फ्रिजचा घुमणारा आवाज तेवढा उरला. वर्गात मात्र शेजारी चेंडा असे. थायलंडच्या सीमेवरच्या निर्वासितांच्या छावणीत पाण्याच्या रांगेत दोघी एकमेकींचा नंबर धरत, तेव्हापासूनची मैत्री. चेंडाला अकरा वर्षांत इंग्रजी आले नव्हते आणि त्याबद्दल तिची काही तक्रारही नव्हती.

मार्च महिन्यात पत्र आले. वरच्या कार्यालयाला कळले होते, की एका वर्गात अकरा वर्षे कुणाचीही प्रगती झालेली नाही. म्हणून सहा आठवड्यांनी सर्वांची पातळी-निश्चिती परीक्षा होणार होती. प्रश्न साठ. वीस ते चोवीस गुण मिळवणारा दुसऱ्या पातळीत राहील. त्याखालच्याने रस्त्यापलीकडच्या इमारतीत पहिल्या पातळीत जावे, पंचवीस ते पन्नासवाल्याने गुणांप्रमाणे वरच्या पातळीत. पन्नासच्या वर मिळवणाऱ्याचे इंग्रजी पूर्ण झाले असे समजून त्याला प्रमाणपत्र देण्यात येईल व पटावरून नाव कमी करण्यात येईल.

“म्हणजे तू वरून जाणार आणि मी खालून,” चेंडा म्हणाली. “मध्ये कोण उरणार? मास्तर?”

“मला मुळी जायचंच नाही,” सोफान म्हणाली.

तेव्हा तयारी करणे भाग होते. चेंडाच्या स्वयंपाकघरात रोज दुपारी शिकवणी सुरू झाली. बावीस हा आकडा सर्वानुमते ठरला. दोन्हीकडे दोन-दोन गुणांची सोय राहत होती. पहिल्या सरावात सोफानने डोळे मिटून खुणा केल्या, तर चौदा आले. दुसऱ्यांदा मुद्दाम चुकायला बसली, तर हात सवयीने बरोबर उत्तराकडे जाऊन सत्तेचाळीस आले. अंदाजावर भरवसा ठेवता येत नाही, हे सिद्ध झाले. नेमके अडतीस प्रश्न चुकायचे, तर साठच्या साठ उत्तरे पक्की यायला हवीत.

मग नातवंडांची पुस्तके आली, शब्दकोश आले. जे अकरा वर्षांत झाले नव्हते ते दुसऱ्या पातळीत टिकण्यासाठी सहा आठवड्यांत झाले. तेवीस म्हाताऱ्यांना इंग्रजी येऊ लागले.

चुकण्याचे शास्त्र सारूतकडे होते. सगळे त्याला बोंग, म्हणजे थोरला, म्हणत. तरुणपणी तो शाळामास्तर होता. पुढे जी राजवट आली तिच्यात चष्मा लावणाऱ्यालाही शिकलेला समजून उचलून नेत. बोंगने तीन वर्षे आठ महिने आपल्याला अक्षर कळत नाही असे दाखवले होते. त्या मानाने ही परीक्षा सोपी होती. फार तर नापास करतील.

“चूक बेताची करा,” तो सांगे. “छत्रीच्या चित्राला काठी म्हणा. हत्ती म्हणालात तर चेष्टा करताय असं वाटेल. आणि मधून मधून पेन्सिल चावा. उत्तर येणारा माणूस पेन्सिल चावत नाही.”

“तुमचं बरंय, बोंग,” चेंडा म्हणाली. “तुम्हाला नुसतं विसरायचंय. मला बावीस खरेच आणायचेत.”

परीक्षा झाली. तेवीसही जणांना प्रत्येकी बावीस गुण मिळाले.

मूल्यमापन अधिकारी मिस कार्व्हर स्वतः आल्या. त्यांनी सगळ्यांना उभे करून निर्णय ऐकवला. ही उघड कॉपी आहे, निकाल रद्द, वर्ग बंद. गुण नसलेले सर्व जण पहिल्या पातळीत धरले जातील आणि तिथे फक्त चार जागा आहेत.

निर्णय पूर्ण समजला म्हणून चेंडा रडू लागली. सहा आठवड्यांपूर्वी तिला तो समजला नसता.

सोफानने पेन्सिल तोंडातून काढली.

“बाईसाहेब,” ती इंग्रजीत म्हणाली, “उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवून बघा. प्रत्येकाचे बरोबर आलेले बावीस प्रश्न वेगळे आहेत. कॉपी अशी असते का? गुण सारखे येऊ नयेत असं तुमच्या नियमांत कुठंही नाही, मी तीनदा वाचलेत. आणि निकाल रद्द करायचा तर तीस दिवस आधी लेखी कळवावं लागतं. तुम्ही तोंडी सांगताय.”

मिस कार्व्हर बराच वेळ उत्तरपत्रिका चाळत राहिल्या.

“तुमची पातळी कोणती?” त्यांनी विचारले.

“दुसरी,” सोफान म्हणाली. पण उशीर झाला होता.

वर्ग वाचला. सोफानला तिथल्या तिथे प्रमाणपत्र देण्यात आले, फुलांसह फोटो काढण्यात आला आणि पटावरचे नाव लाल शाईने खोडण्यात आले. एका विद्यार्थिनीची प्रगती झाल्याबद्दल वरच्या कार्यालयाने समाधान व्यक्त केले.

मात्र परीक्षेवर विसंबून चालत नाही, हे मिस कार्व्हर यांच्या ध्यानात आले होते. सोमवारी वर्गाच्या दारावर स्वच्छ, ठळक इंग्रजीत एक सूचना लागली: ‘ज्यांना ही सूचना वाचता येते, त्यांना या वर्गात प्रवेश नाही.’

नऊला पाच कमी असताना सोफान दारापाशी येऊन थांबली. बाकावरची जागा चेंडाने पिशवी ठेवून धरली होती.

“दारावर काय लिहिलंय गं?” चेंडाने आतून विचारले.

“कोण जाणे,” सोफान म्हणाली. “मला कुठं वाचता येतं?” आणि आत जाऊन बसली.

आत पुढे काय झाले, ते सांगता आले असते. पण सूचना तुम्हीही वाचलीत. तुम्ही बाहेरच थांबा.